मास्तर ‘नाही’ म्हणाले तेव्हा

कारखान्यात मोठा बदल होणार अशी नोटीस लागली की माणसं सर्वांत आधी काय विचारतात, याचा अंदाज बाहेरच्या कुणाला येणार नाही. मलाही आला नव्हता. मोटारसायकलचे सायलेन्सर बनवण्याचं काम टप्प्याटप्प्यानं बंद होईल, त्या जागी विजेच्या गाड्यांना लागणाऱ्या बॅटरीच्या पेट्या बनतील आणि हातानं होणारं वेल्डिंग यापुढे रोबो करतील, असं आमच्या कंपनीनं जाहीर केलं. नोटीस लागून दहा मिनिटंही झाली नसतील, तोच माझ्या टेबलासमोर एक जण येऊन उभा राहिला. वीस वर्षांची नोकरी, दोन मुली, गाव गंगापूरकडचं. हा आता विचारणार, माझी नोकरी राहील का, म्हणून मी मनात वाक्यांची जुळवाजुळव करत होते.

त्यानं विचारलं, “मॅडम, बस तीच राहील का?”

“कुठली बस?”

“आपली. सव्वासहाला नाक्यावर येती ती. का तीबी नवी?”

त्याच्यामागून आलेल्यानं विचारलं, कपड्यांचं लॉकर आहे तिथंच राहणार का. तिसऱ्याला हवं होतं, की नवा विभाग पलीकडच्या शेडमध्ये गेला तर जेवायला याच कँटीनमध्ये यायचं की तिकडं वेगळं होणार. मला मनातून हसू येत होतं. संध्याकाळपर्यंत एकोणीस जण येऊन गेले आणि नोकरीबद्दल एकानंही विचारलं नाही. घरी जाताना मी ते सगळे प्रश्न एका वहीत लिहून काढले आणि हसू थांबलं. हे असं का होतं, याचं मला कुतूहल वाटायला लागलं. पुढची दोन वर्षं मी त्या वहीत लिहीतच राहिले.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते नीट माहीत नाही. वाळूजच्या त्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं होते. रुजू झाले तेव्हा माझ्या दारावर ‘कामगार कल्याण अधिकारी’ अशी पाटी होती. नंतर ‘पर्सोनेल’ झाली, शेवटी ‘एचआर’. पाट्या बदलल्या, खुर्ची तीच होती. तिचा डावा हात मोडलेला होता आणि तोही कुणी दुरुस्त केला नाही. माणूस नोकरीला लागतो तेव्हा त्याची फाईल आमच्याकडे उघडते आणि तो जातो तेव्हा आमच्याकडेच बंद होते. मधल्या काळात रजा, भांडणं, अपघात, लग्नाच्या पत्रिका, सगळं आमच्या टेबलावरून जातं. आणि कंपनी काही नवं करायला निघाली की ते माणसांना सांगायचं, त्यांना त्यासाठी तयार करायचं आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते वर कळवायचं, हेही आमचंच. दोन्ही बाजूंना वाटतं की ही बाई समोरच्यांची आहे. मी मूळची सोयगावची, समाजकार्याची पदवी घेऊन शहरात आलेली. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणायचे. आता संभाजीनगर म्हणतात, आणि आमच्या कँटीनमध्ये अजूनही एकाच वाक्यात दोन्ही नावं येतात.

नोटिशीनंतर चार दिवसांनी पुण्याहून मुख्य कचेरीचे एक तरुण अधिकारी आले. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी अर्धा तास भाषण केलं. बोलणं मनापासूनचं होतं, पण दर वाक्यात ‘रीस्किलिंग’ हा शब्द यायचा. म्हणजे जुनं काम करणाऱ्याला नवं काम शिकवायचं. हॉलमधला भोंगा खरखरत होता आणि मागच्या रांगांना तो शब्द भलताच ऐकू गेला. भाषण संपल्यावर पॉलिशिंगचे सलीमभाई उठले. सलीमभाई म्हणजे आमच्या कारखान्यातला सर्वांत गोड माणूस. ते अदबीनं म्हणाले, “साब, रीकिलिंग बोले ना आप? एक बार मारके दिल नहीं भरा क्या?”

हॉल हसला. पुण्याचे साहेबही हसले, पण त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं. आठवडाभर कारखान्यात तोच शब्द फिरत राहिला. कुणी चहाला निघाला की, “चल, रीकिलिंगला.” आणि प्रत्येक हशामागे थोडी भीती उरायची.

दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट सुरू केली. पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत येते त्या तासाभरात हजेरी लागते त्या टाइम ऑफिसजवळच्या लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं. ज्याला जे विचारायचंय ते विचारू दे. माझी उत्तरं तीनच असतील, हे मी आधीच सांगून टाकलं. एक, माहीत आहे, आणि ते असं आहे. दोन, मला माहीत नाही, विचारून सांगते. तीन, माहीत आहे, पण आज सांगायची परवानगी नाही.

कारखान्याचे प्रमुख पाठकसाहेब या तिसऱ्या उत्तरावर नाराज होते. “अहो बाई, हे असं सांगितलं तर लोक घाबरतील ना.” पण झालं उलटंच. मी पहिल्यांदा तिसरं उत्तर दिलं तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, “म्हंजी बाकीचं तुम्ही खरं सांगत व्हता तर.” त्या दिवसापासून झाडाखाली गर्दी वाढली.

शिकवणीची पहिली तुकडी बारा वेल्डरांची ठरली. त्यात अंबादास शेजूळ यांचं नाव सर्वांत वर होतं. ते लासूर स्टेशनचे. आठवडाभर कारखान्याजवळच्या रांजणगावात खोली करून राहायचे आणि रविवारी गावी जायचे. वय पन्नाशीला आलेलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आमच्याकडे सायलेन्सर जोडून झाला की त्यात हवा भरून तो पाण्याच्या टाकीत बुडवतात. कुठं बारीकसं भोक राहिलं असेल तर बुडबुडा येतो आणि तो नग परत जातो. मास्तरांच्या नगाला बुडबुडा आल्याचं मी कधी कुणाकडून ऐकलं नाही. नवीन आलेल्या वेल्डरला सहा महिने त्यांच्या शेजारी उभं करायचे. त्या बारा जणांपैकी नऊ तर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले होते.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी मास्तरांना ताप आला. दुसऱ्या दिवशी गावात कुणाचं तरी दहावं निघालं. तिसऱ्या दिवशी ते आले, शेवटच्या बाकावर बसले. रोबोला वेल्डिंग शिकवायचं एक यंत्र असतं, हातात धरायचं, शाळेतल्या पाटीएवढं. त्याच्या पडद्यावर बोट ठेवून रोबोला कुठं सुरू कर, कुठं थांब ते सांगायचं. प्रत्येकानं पाळीपाळीनं ते घ्यायचं होतं. मास्तरांची पाळी आली. त्यांनी ते हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि शेजारच्याला देऊन टाकलं.

“मला नाय जमत,” ते म्हणाले. “मला दुसरीकडं कुठंबी टाका. झाडलोट बी करीन.” आणि ते बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोघंच आले. बाकीच्यांचं म्हणणं सरळ होतं: मास्तरला जमत नाही तिथं आपल्याला काय जमणार? आणि मास्तर नाही म्हणतोय त्या अर्थी त्याला काहीतरी ठाऊक आहे.

पाठकसाहेबांनी मला बोलावलं. पुण्याचे अधिकारी फोनवर होते. त्यांना यात कामगारांना फितवण्याचा प्रकार दिसत होता. “ही इज द लीडर,” ते म्हणत होते. पत्र द्या, शिकवणीला बसा नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. एकदा एकाला पत्र गेलं की बाकीचे सरळ होतील.

मला ते पटत नव्हतं, पण सांगायला माझ्याजवळ कारण नव्हतं. होता फक्त एक प्रश्न. जो माणूस चोवीस वर्षं विस्तवाशी खेळला, तो पाटीएवढ्या पडद्याला का घाबरावा? आणि ज्याच्या हाताखाली सगळे शिकले, तो स्वतःहून झाडू का मागतोय? भडकवणारा माणूस झाडू मागत नाही.

“मला आठ दिवस द्या,” मी म्हणाले.

“आठ दिवसांत काय करणार?”

“माहीत नाही. बघते.”

पाठकसाहेब वरून कडक, आतून बरे होते. त्यांनी फोनवर हात ठेवला, मान हलवली आणि आठ दिवस दिले.

मी मास्तरांना बोलावणं धाडलं नाही. बोलावलं की माणूस शर्टाचं वरचं बटन लावून येतो आणि त्याच्याबरोबर एक बटन तोंडालाही लागतं. मी तिकडंच जायला लागले. पहिल्या दिवशी ते टाकीजवळ उभे होते. मी समोरून गेले, हसले. त्यांनी पाहिलं आणि काहीच ओळख दाखवली नाही. मला वाईट वाटलं. मग मी “राम राम, मास्तर” म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अरे, मॅडम व्हय! राम राम, राम राम.” मला ते खटकलं, पण लगेच काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, की वेल्डिंग झालं की ते हातमोजा काढून, नग गार झाल्यावर, वेल्डच्या रेघेवरून अंगठा फिरवतात. बाकीचे नुसती नजर टाकून नग पुढे सरकवत होते. घरून फोन आला तर ते शेजारच्याला म्हणायचे, “बघ रं, कुणाचा हाय.” कामाचा कागद आला की, “वाच, माझे हात भरलेत.” हात तर सगळ्यांचेच भरलेले असतात.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले, “मास्तर, मला वेल्डिंग शिकवता का?”

ते मोठ्यानं हसले. “तुम्हाला?”

“इतकी वर्षं इथं आहे. सायलेन्सर कसा जोडतात ते कधी हातानं करून पाहिलं नाही. आता बंदच होणार आहे.”

त्यांनी मला जाड अंगरखा दिला, हातमोजे दिले, डोक्यावर टोप चढवला. टोपाला समोर काळी काच असते. ती खाली घेतली आणि जग नाहीसं झालं. मास्तर नाहीत, शेड नाही, माझे हातही नाहीत. मी घाबरले. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून बंदुकीसारख्या त्या नळीचा घोडा दाबला आणि त्या अंधारात बोराएवढा एक हिरवट उजेड पेटला. त्यात वितळलेल्या लोखंडाचा थेंब हलत होता. तेवढंच दिसत होतं.

“कान द्या,” मास्तर टोपाजवळ तोंड आणून म्हणाले. “भजी तळल्यावानी आवाज येतोय ना? असाच यायला पायजे. फटफट झाली की समजायचं, तार लई पुढं येऊ लागली. नुस्ता फुसफुस झाला की गॅस कमी.”

मी दोन वितींची एक रेघ ओढली. ती रेघ कशी होती ते सांगत नाही. टोप वर केल्यावर मी म्हणाले, “मास्तर, यात तर काहीच दिसत नाही.”

“इथं समद्यांना येवढंच दिसतं,” ते म्हणाले. “साहेब असो का मी असो.”

ते वाक्य त्यांनी फार समाधानानं म्हटलं, आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीजवळ न ओळखणं, अंगठा, फोन, कागद. नग लोखंडी साच्यात घट्ट बसवलेला असतो, नळीचं टोक खोबणीत टेकवलं की हात आपोआप वाट धरतो. काळ्या काचेआड ते सगळ्यांच्या बरोबरीचे होते. पाटीएवढ्या पडद्यावर ते नव्हते.

आजूबाजूला कुणी नाही हे पाहून मी हळूच विचारलं, “मास्तर, तुम्हाला पडद्यावरचं दिसत नाही. व्हय ना?”

त्यांचा चेहरा बंद झाला. “दर साली डोळे तपासत्यात मॅडम. मी पास हाय. तुमच्याच फायलीत असंल.”

फाईल मी आदल्या दिवशीच पाहिली होती. तिथं दर वर्षी ‘उत्तम’ लिहिलेलं होतं. आमच्या दवाखान्याच्या खोलीत अक्षरांचा एक तक्ता टांगलेला होता. मी रुजू झाले तेव्हापासून तोच.

“तो तक्ता पाठ आहे तुम्हाला?”

त्यांनी हातमोजे काढून ठेवले. मग त्यांनी मान वर केली आणि शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, “न, ल, ट, र, ग. ती शेवटून दुसरी ओळ. पाठ करायचीबी गरज नाय. रांगेत माझ्या म्होरं ईस जण तीच वाचत्यात.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. “किती दिवसांपासून असं आहे?”

“दोन-तीन सालं झाली. पयलं धुकं यायचं. आता धुकंच हाय. इतकी वर्सं आगीत बघितलं, डोळे जळले. त्याला काय इलाज?”

“डॉक्टरला दाखवलं?”

“कागद झाला असता ना.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. रागानं नाही. “बाबूराव साळवेला तुम्हीच घरी धाडला ना, मॅडम? दोन दिसात?”

बाबूराव साळवे आमच्या स्टोअरमध्ये माल उचलायची गाडी चालवायचे, फोर्कलिफ्ट. मास्तरांशी हे बोलणं झालं त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी तपासणीत त्यांची नजर कमी निघाली होती. ही गाडी चालवणाऱ्याची नजर चांगलीच हवी, नियमच तसा आहे आणि बरोबर आहे. दुसरीकडं जागा रिकामी नव्हती. मी त्यांची फाईल बंद केली. सगळे कागद नियमाप्रमाणे होते, जे द्यायचं ते वेळेवर दिलं, निरोपाला नारळही दिला. मला ते प्रकरण नीट झालेलं वाटत होतं. माझ्या दृष्टीनं ते संपलं होतं. पण शेडमध्ये दीडशे माणसांनी ते पाहिलं होतं आणि प्रत्येकानं त्यातून आपापला धडा घेतला होता. मास्तरांनी घेतलेला धडा असा होता, की डोळ्यांबद्दल मॅडमला कधी कळू द्यायचं नाही.

मी म्हणाले, “हे मी लपवू शकत नाही, मास्तर. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, दुसऱ्याच्याही. पण आधी डॉक्टर, मग कागद. आणि डॉक्टरकडे मी बरोबर येते.”

ते “बरं” म्हणाले नाहीत. टोप खुंटीला अडकवला आणि म्हणाले, “घरी इचारतो.”

मला वाटलं, हे आता येणार नाहीत. पण सोमवारी सकाळी ते आणि त्यांच्या घरच्या, जिजाबाई, दोघंही सरकारी रुग्णालयाच्या दाराशी माझ्या आधी येऊन उभे होते. जिजाबाईंनी मला बाजूला घेतलं. “लई बरं केलं ताई. हे मला म्हणायचे, घरातले दिवे मंद झालेत. मी तीनदा बल्ब बदलले.”

डॉक्टरीण तरुण होती. तिनं मास्तरांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पाच मिनिटंही लागली नाहीत. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगले पिकलेत. इतके दिवस कुठं होतात बाबा?”

“वेल्डिंगनं जळाले नायत?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. आतलं भिंग गढूळ झालंय. ते काढून नवीन बसवायचं. दिसेल.”

मास्तरांनी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग ते बाहेर बाकावर येऊन बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. चोवीस वर्षं विस्तवाला तोंड दिलेला माणूस, दोन-तीन वर्षं एका दुखण्याला घाबरून बसला होता, आणि त्या दुखण्याचा इलाज रांजणगावहून तासाभराच्या अंतरावर होता. मी शेजारी बसले. माझ्या डोक्यात मात्र मास्तर नव्हते. बाबूरावांची नजर कशानं कमी झाली होती, हे मी तेव्हा विचारलं होतं का? फाईलमध्ये ‘नजर कमी’ एवढंच होतं. कारणाचा रकाना त्या कागदावर नव्हता, म्हणून मीही विचारलं नव्हतं.

आठ दिवसांपैकी एकच उरला होता. पाठकसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते आधी चिडले. मग पुण्याला त्यांनीच फोन लावला. मास्तरांना दोन्ही शस्त्रक्रिया होईपर्यंत रजा आणि त्यानंतर शिकवणीच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेसाठी वेगळी तारीख, एवढं मिळालं. दवाखान्यातला तक्ता त्याच आठवड्यात बदलला. आता दोन आहेत, आलटून पालटून टांगतात. नव्या तक्त्यावर तपासणी पुन्हा घेतली तेव्हा आणखी चौघे सापडले. त्यांतल्या तिघांना नुसता चष्मा लागत होता.

पण वर्ग बंदच होता. मास्तर का नाही म्हणाले, हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं आणि माझ्या तोंडून ते सांगणं बरं नव्हतं. पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला दोन आठवडे झाल्यावर मास्तर एका दुपारी कंपनीत आले. सुट्टीवर होते, काळा चष्मा लावलेला, अंगात गावाकडचा पांढरा सदरा. लिंबाच्या झाडाखाली त्या तुकडीची पोरं उभी होती. पोरं म्हणते, पण कुणी चाळिशीच्या आतला नव्हता.

“मी नाय म्हनलो ते मशीनला भिऊन नाय,” मास्तर त्यांना म्हणाले. “मला दिसत नव्हतं. दोन सालं मी तुम्हाला फसवलं, मॅडमला फसवलं. आता तुम्ही सांगा. तुम्हाला दिसतंय ना?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“दिसतंय का नाय?”

“दिसतंय मास्तर,” एक जण म्हणाला.

“मंग बसा जाऊन.”

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला.

शेवट सगळा गोड झाला असं सांगणार नाही. बारापैकी आठ जण नव्या विभागात बसले. दोघं परीक्षेत तीनदा अडकले, त्यांना पॅकिंगला घ्यावं लागलं आणि त्यांतला एक पुढे माझ्याशी कधी बोलला नाही. दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सलीमभाईंनीही ती घेतली; जाताना म्हणाले, “मॅडम, मैं ख़ुद ही जा रहा हूँ, किलिंग नहीं हुई मेरी, लिख लेना.” मी वहीत लिहून घेतलं.

मास्तरांचा दुसरा डोळाही झाला. कामावर परतल्याच्या दिवशी ते आधी नव्या विभागाकडे गेलेच नाहीत. जुन्या सायलेन्सरच्या शेवटच्या ढिगाकडे गेले. त्यातले स्वतःचे नग त्यांनी शोधून काढले आणि एकेक उचलून उजेडात धरला. मी मागे उभी होते.

“मॅडम, ह्ये मी केलंय?” ते म्हणाले.

“हो. का?”

“किती वाकडं हाय हो! सापावानी गेलंय.” त्यांना खरंच धक्का बसला होता. “आन कुणी मला सांगितलंबी नाय?”

“बुडबुडा येत नव्हता ना मास्तर.”

“म्हणून काय झालं?” दिवसभर ते नाराज होते. रोबोची रेघ कशी सरळसोट असते ते पाहिल्यावर तर जास्तच. पण पंधरा दिवसांनी बॅटरीच्या पेट्यांत सतत गळती निघायला लागली, इंजिनीअर पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते, तेव्हा मास्तर रोबोभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याबाहेर डोळे मिटून, कान देऊन उभे राहिले. “कोपऱ्यावर आला की ह्याचं तेल लई तापतंय,” ते म्हणाले. भजी करपताना येतो तसा आवाज कोपऱ्यावर येतोय, म्हणजे तिथं वीज जास्त होतेय, हा अर्थ इंजिनीअरला समजावून सांगावा लागला. त्यानं कोपऱ्यापुरती वीज कमी केली आणि गळती थांबली. त्यानंतर तो इंजिनीअर कोपरा आला की स्वतःही कान द्यायला लागला.

हे सगळं मार्गी लागल्यावर मी सोयगावला माहेरी गेले. पूर्वी सोयगावला जाताना फर्दापूरच्या फाट्यावर मी कधी उतरत नसे. या वेळी उतरले. बाबूराव साळवे तिथं अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी चहाचं दुकान चालवतात, हे मला मास्तरांकडून कळलं होतं. दुकान लगेच सापडलं. एक माणूस बाहेर बसून गोधडीच्या सुईत दोरा ओवत होता. एका प्रयत्नात ओवला. तेच बाबूराव होते.

“बसा मॅडम,” त्यांनी मला बघताक्षणी ओळखलं. “चहा टाकतो.”

मी त्यांच्या डोळ्यांकडेच पाहत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

“मोतीबिंदू व्हता. तिथनं आलो, पुढल्या साली गावात शिबिर झालं, काढून टाकला. आता बेस दिसतंय.”

म्हणजे एक वर्ष. एक वर्ष त्यांना दुसऱ्या कुठल्याही कामावर, कुठल्याही कोपऱ्यात बसवलं असतं तर. मी त्यांना मास्तरांची सगळी गोष्ट सांगितली. आठ दिवस मागून घेतले तेही सांगितलं, कारण ते न सांगणं हा अप्रामाणिकपणा झाला असता. बाबूरावांनी ती लक्ष देऊन ऐकली.

“माझ्या वक्ताला नाय मागितले आठ दिवस?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मला सुचलं नाही, बाबूराव. विचारायचं असतं, हेच मला तेव्हा कळत नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला.  मी मनाची तयारी करून होते, की आता जे बोलतील ते ऐकून घ्यायचं.

“माझ्या गाडीवर आता कोण हाय?” त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. जालन्याकडचा एक माणूस होता.

“त्याला एक सांगा. पाच नंबरच्या दाराशी गाडी मागं घेताना डाव्या अंगाला खांब हाय. आरशात दिसत नाय. माझे डोळे चांगले व्हते तेव्हाबी दिसत नव्हता. मी अंदाजानं घ्यायचो. त्याला सांगितलं का कुणी?”

मी म्हणाले, सांगते.

सुट्टी संपवून कामावर गेले त्या सकाळी मी माझ्या खोलीत न जाता थेट स्टोअरमध्ये गेले. पाच नंबरच्या दाराशी डावीकडे खांब होता. गाडीच्या उंचीवर त्याचा पिवळा रंग पार खरवडून निघालेला, आतला सिमेंटचा टवका दिसत होता. मी त्या दारातून हजार वेळा तरी गेले असेन. मी गाडीवाल्याला हाक मारून थांबवलं, खाली उतरवलं आणि खांब दाखवला.

“हा लई डेंजर हाय मॅडम,” तो म्हणाला. “दोनदा घासली गाडी. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“बाबूराव साळवे,” मी म्हणाले. “तुझ्या आधी ही गाडी ते चालवायचे.”